ट्यूरिंगची वेस आणि मेमरिस्टर

मेंदूसारखी चिप आली, आता संगणकाला अशक्य असं काही उरणार नाही, अशा थाटाचे मथळे अधूनमधून झळकत असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या श्रीतोष गोस्वामी यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये रेणूंच्या पातळ थरापासून बनवलेला मेमरिस्टर (स्वतःचा रोध लक्षात ठेवणारा विजेचा घटक) सादर केला, तेव्हाही तसंच झालं. काम खणखणीत आहे, त्याबद्दल वाद नाही. साध्या मेमरीतला एक बिंदू शून्य किंवा एक एवढंच धरून ठेवतो. इथे एकाच घटकात वाहकतेच्या १६,५२० वेगवेगळ्या पायऱ्या मिळाल्या. पण त्यावर जे काही बोललं गेलं, त्यात दोन प्रश्नांची सरमिसळ होती. गणित किती स्वस्तात होतं, हा एक प्रश्न. ते मुळात होऊ शकतं का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात मेमरिस्टर मोठी उलथापालथ करू शकतो. दुसऱ्यात त्याच्याने काडीचाही फरक पडत नाही, आणि तो का पडत नाही ही मला तरी जास्त मजेदार गोष्ट वाटते.

आधी हा प्राणी काय आहे ते पाहू. शाळेत आपण रोधक, धारित्र आणि तारेचं वेटोळं हे तीन घटक शिकतो. १९७१ मध्ये विद्युत अभियंते लिऑन चुआ यांनी एक साधा हिशेब मांडला. विभवांतर, धारा, प्रभार आणि चुंबकीय फ्लक्स या चार राशींच्या जोड्या होतात सहा. त्यांतल्या दोन व्याख्येनेच बांधलेल्या आहेत: धारेची बेरीज करत गेलं की प्रभार, विभवांतराची करत गेलं की फ्लक्स. तीन जोड्या म्हणजे आपले ओळखीचे तीन घटक. उरली प्रभार आणि फ्लक्सची जोडी. तिला जोडणारा घटकच कुणाकडे नव्हता. तो असायला हवा, असं चुआंचं म्हणणं. त्याचा रोध आतापर्यंत त्यातून किती प्रभार वाहून गेला यावर ठरेल, आणि धारा बंद केली की रोध जिथे असेल तिथेच थांबेल.

कागदावरचा हा घटक सापडल्याचं २००८ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतल्या स्टॅनली विल्यम्स यांच्या गटाने जाहीर केलं. प्लॅटिनमच्या दोन तारांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर. थराच्या एका भागात ऑक्सिजनचे अणू थोडे कमी, म्हणजे स्फटिकात त्यांच्या जागा रिकाम्या. या रिकाम्या जागा धन प्रभारासारख्या वागतात आणि जिथे त्या असतात तिथून वीज सहज वाहते. एका दिशेने विभवांतर लावलं की त्या कोऱ्या भागात सरकतात, वाहणारा पट्टा रुंदावतो आणि रोध घटतो. उलट लावलं की मागे येतात. थर इतका पातळ असल्यामुळे एखाद्या व्होल्टनेही आत प्रचंड विद्युत क्षेत्र तयार होतं, म्हणूनच अणू हलतात. जाड थरात हेच बघायला गेलं तर काही दिसत नाही. पायवाटेसारखं आहे: ज्या वाटेने वर्दळ जास्त, ती जास्त मळलेली. मेंदूतल्या चेतासंधी, म्हणजे पेशींमधले सांधेही वापराने बळकट आणि दुबळ्या होतात, म्हणून मेंदूशी तुलना.

ऑक्साइडच्या थरांचा रोध असा बदलतो हे १९६० च्या दशकापासून माहीत होतं. आणि विल्यम्स यांचा घटक म्हणजे चुआंचाच हरवलेला चौथा का, यावर आजही भांडणं आहेत, कारण त्यात चुंबकीय फ्लक्सचा काही संबंधच दिसत नाही. माझं मत विचाराल तर नावावरून भांडणाऱ्यांना भांडू द्यावं. उलटसुलट विभवांतर लावून धारेचा आलेख काढला की शून्यावर चिमटलेला, आडव्या पडलेल्या आठच्या आकड्यासारखा फास दिसतो. उपकरण असेल तर तो कुणीही काढून बघू शकतो.

हे मुद्दाम सांगतोय, कारण “पदार्थाला स्मृती असते हे विज्ञानाने मान्य केलं, म्हणजे पाण्यालाही असणारच” असा युक्तिवाद आता मेमरिस्टरचा दाखला देऊन केला जातो. इथली स्मृती म्हणजे घन स्फटिकात एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेलेले अणू. ते मोजता येतात, पुन्हा मागे आणता येतात. द्रव पाण्यात रेणूंची मांडणी एका सेकंदाच्या अब्जाव्या भागातच विस्कटून जाते. तिथे काय लिहिणार आणि कुठे?

आता स्वस्ताईचा मुद्दा. नेहमीच्या संगणकात मेमरी एकीकडे आणि गणित करणारा भाग दुसरीकडे. २०१४ मध्ये मार्क होरोविट्झ यांनी दिलेले आकडे या क्षेत्रात सगळ्यांच्या तोंडी असतात: ४५ नॅनोमीटर तंत्रज्ञानात ३२ बिटांच्या दोन दशांश संख्यांच्या गुणाकाराला साधारण ३.७ पिकोज्यूल लागतात, तर तेवढाच आकडा बाहेरच्या मेमरीतून आणायला ६४०. सगळी ऊर्जा हमालीत जाते. मेमरिस्टरांची जाळी ही हमाली टाळते. आडव्या आणि उभ्या तारांच्या प्रत्येक छेदावर एक मेमरिस्टर ठेवा. आडव्या तारांवर विभवांतरं द्या. ओहमच्या नियमाने प्रत्येक छेदावर विभवांतर गुणिले वाहकता एवढी धारा निघते आणि किर्खॉफच्या नियमाने उभ्या तारेत त्या सगळ्या धारांची आपोआप बेरीज होते. गुणाकार आणि बेरीज जिथे आकडे साठवले तिथेच, एका दमात. कृत्रिम चेताजालांचं (न्यूरल नेटवर्कचं) नव्वद टक्के काम एवढंच असतं. साधारण २० वॅटवर चालणाऱ्या मेंदूच्या जवळ जायचा रस्ता याच दिशेने आहे, यात मला शंका वाटत नाही.

पण ट्यूरिंगची वेस, म्हणजे मुळात काय गणता येतं याची हद्द, ओलांडण्याचं काय? १९३६ मध्ये गणिती अॅलन ट्यूरिंग यांनी एका काल्पनिक यंत्राच्या आधारे दाखवलं की काही प्रश्नांना यांत्रिक पद्धतच नाही. सर्वांत प्रसिद्ध प्रश्न आज आपण असा विचारतो: दिलेला प्रोग्राम कधीतरी थांबेल की कायम फिरत राहील? हे अचूक सांगणारा प्रोग्राम आहे असं धरा. मग त्याला पोटात घेऊन, तो “थांबेल” म्हणाला की फिरत राहणारा आणि “फिरेल” म्हणाला की थांबणारा प्रोग्राम लिहिता येतो. त्याला स्वतःबद्दलच विचारलं की गाडी अडते. इथे चिप कशाची बनली आहे याचा प्रश्नच येत नाही.

यावर हुशार माणूस म्हणेल, ट्यूरिंगचं यंत्र सुट्ट्या चिन्हांवर चालतं, मेमरिस्टर मात्र सलग किंमती धरतो. सलगपणातून जास्त ताकद मिळत नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर हावा सिगेलमान आणि एडुआर्डो सोन्टाग या संशोधकांनी १९९० च्या दशकात शोधलं. त्यांची युक्ती मला फार आवडते, म्हणून ती नीट मांडतो.

ट्यूरिंगच्या यंत्राला लागते एक हवी तेवढी लांब पट्टी. यंत्र पट्टीवर जिथे उभं आहे तिथून डावीकडचं सगळं एक चळत आणि उजवीकडचं दुसरी चळत. चळतीत फक्त वरचं काढता येतं आणि वरच ठेवता येतं. आता अशी पूर्ण चळत एका आकड्यात कोंबायची. ० साठी अंक १ लिहू, १ साठी अंक ३. वरून खाली १, ०, १, १ अशी चळत असेल तर आकडा झाला ०.३१३३. वर नवं ० ठेवायचंय? दहाने भागा, ०.१ मिळवा: ०.१३१३३. काढायचंय? दहाने गुणा आणि वरचा अंक वजा करा. सर्वांत वर काय आहे हे ओळखायला दहाने गुणून २ वजा करा. वर १ हा अंक असेल तर उत्तर ऋण येतं, ३ असेल तर एकाहून कमी येत नाही. आता चेतापेशीचा साधा नियम लावा: आत आलेला आकडा शून्याखाली असेल तर शून्य द्यायचं, एकाच्या वर असेल तर एक द्यायचं, मध्ये असेल तर आहे तसाच. लगेच ० किंवा १ मिळतो. १ आणि ३ हेच अंक का, याचं उत्तर इथे आहे. सलग अंक घेतले असते तर दोन गटांमधली फट एकाहून कमी राहिली असती आणि चेतापेशी गोंधळली असती. भाग, गुण, बेरीज आणि हा एक नियम, बस्स. दोन आकड्यांत अख्खी पट्टी मावली. अशा ८८६ चेतापेशींचं एक ठरावीक जाळं कुठलाही प्रोग्राम चालवू शकतं, असं दोघांनी १९९५ मध्ये सिद्ध केलं.

म्हणजे जोडण्यांची वजनं (एका पेशीतून दुसरीकडे जाताना आकडा ज्याने गुणला जातो ती) अपूर्णांकांत असतील तर चेताजालाची ताकद बरोबर ट्यूरिंग यंत्राएवढी. कमी नाही आणि जास्तही नाही.

वजनं कुठलीही वास्तव संख्या असू शकतात म्हटलं, तर मात्र जाळं वेस ओलांडतं. सिगेलमान यांचा ‘सायन्स’मधला १९९५ चा गाजलेला लेख याचबद्दल होता. कसं? समजा एका वजनाचा दशांशातला शंभरावा अंक शंभरावा प्रोग्राम थांबतो की नाही हे सांगतो, हजारावा अंक हजाराव्याबद्दल, असं शेवटपर्यंत. अशी संख्या गणितात आहेच. वरच्याच युक्तीने एकेक अंक उपसला की उत्तरं तयार. पण आडात आधीच कुणीतरी ओतून ठेवलं, मग ते पोहऱ्यात आलं याचं कौतुक ते काय? मार्टिन डेव्हिस या तर्कशास्त्रज्ञाने नेमका हाच आक्षेप घेतला होता. आणखी एक बारकावा: यादृच्छिकपणे उचललेली वास्तव संख्या जवळजवळ खात्रीने अगणनीयच, म्हणजे जिचे अंक कुठलाच प्रोग्राम काढू शकत नाही अशी असते, तेव्हा वाहकता खरोखर वास्तव संख्या असेल तर प्रत्येक मेमरिस्टरमध्ये एक अगणनीय संख्या बसलेलीच आहे. पण ती कुठल्या प्रश्नाचं उत्तर हे कुणालाच माहीत नाही, आणि निव्वळ यादृच्छिकतेच्या मदतीने अगणनीय प्रश्न गणनीय होत नाहीत हे १९५६ मध्येच सिद्ध झालं आहे.

त्या १६,५२० पायऱ्या आता वेगळ्या दिसू लागतात. २ चा १४ वा घात १६,३८४, म्हणजे हा १४ बिटांचा घटक. दशमानात आपली चळत त्यात चार थरांची मावते. मूळ सिद्धतेत पाया चारचा आहे; तो घेतला तर सात, कारण ४ चा ७ वा घातही १६,३८४ च. आठवं चिन्ह ठेवलं की तळाचं पहिलं चिन्ह कुरबुरीत बुडतं. ही कुरबुर म्हणजे इलेक्ट्रॉनांची उष्णतेमुळे चाललेली धडपड, ती सामान्य तापमानाला टाळता येत नाही. तिच्यावर मात करून एक बिट अचूकता वाढवायची तर साधारण चौपट ऊर्जा लागते. सातची चळत सत्तावीसची करायला ४० बिट जास्त, म्हणजे ४ चा ४० वा घात: एकावर २४ शून्यं इतक्या पट ऊर्जा. साध्या मेमरीत हीच वीस चिन्हं वाढवायला फक्त वीस खोकी वाढवावी लागतात. सलग यंत्रं का मागे पडली याचं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

वोल्फगांग मास आणि पेक्का ऑर्पोनन यांनी १९९८ मध्ये याच्याही पुढे जाऊन दाखवलं की बऱ्यापैकी कुठलीही कुरबुर धरली तर असं ठरावीक आकाराचं सलग जाळं ट्यूरिंग यंत्राच्याही खाली, मर्यादित अवस्थांच्या यंत्राच्या पातळीवर येतं. कंस नीट जुळले आहेत का, हेही हवं तेवढं खोल तपासणं त्याला जमत नाही. वर चढायला शिडी लावली आणि तळघरात पोचलो, तशी गत. विल्यम्स यांच्याच गटाने २०१३ मध्ये नायोबियम डायऑक्साइडच्या मेमरिस्टरांपासून कृत्रिम चेतापेशींचं प्रारूप मांडलं, तेव्हा सर्वक्षम गणन (कुठलाही प्रोग्राम चालवण्याची क्षमता) दाखवायला सलगपणाचा आधार घेतलाच नाही. पेशी ठिणगी देते किंवा देत नाही, एवढंच बघून त्यांनी १३७ क्रमांकाचा पेशी-स्वयंचल नियम (प्रत्येक खोक्याचं पुढचं ० किंवा १ त्याच्या आणि शेजाऱ्यांच्या सध्याच्या किमतींवरून ठरवणारा) चालवून दाखवला. तो ११० क्रमांकाच्या नियमाचं उलटं रूप, आणि ११० सर्वक्षम असल्याचं मॅथ्यू कुक यांनी सिद्ध केलेलं आहे.

अवघड पण गणनीय प्रश्न झटक्यात सोडवण्याचे दावेही तपासून घ्यावे लागतात. २०१५ मध्ये मासिमिलियानो दि व्हेंत्रा आणि फाबिओ त्रावेर्सा यांच्या गटाने स्मृतीतच गणन करणाऱ्या यंत्राने संच-बेरजेचा प्रश्न एका पायरीत सुटतो असं दाखवलं: दिलेल्या संख्यांपैकी काहींची बेरीज हव्या त्या आकड्याइतकी होते का? प्रत्येक संख्येला एक कंप्रता दिली आणि गुणाकारातून सगळ्या शक्य बेरजांच्या कंप्रता एकाच संकेतात उतरवल्या. पण संख्या ५० असतील तर बेरजा २ चा ५० वा घात, आणि प्रत्येकीच्या वाट्याला संकेताचा तेवढाच बारीक तुकडा. तो कुरबुरीतून निवडायचा कसा? यंत्राला शेवटी कुरबुरीची मर्यादा आहे हे लेखकांनी स्वतःच सारांशात नोंदवलं होतं. मथळ्यांमध्ये ते वाक्य कुठे दिसलं नाही.

चेताजालांना मात्र एवढ्या अचूकतेची गरजच नसते. चित्रात मांजर आहे की कुत्रा हे ठरवायला आठ बिट, बऱ्याचदा चारही पुरतात, म्हणून तिथे १४ बिट म्हणजे चैन. तिथली खरी डोकेदुखी वेगळी आहे. उभ्या तारेतली धारा पुन्हा अंकांत बदलणारा परिपथ अशा चिपमधली ऊर्जा आणि जागा यांचा फार मोठा हिस्सा खातो, कित्येकदा खुद्द जाळीपेक्षाही जास्त. आणि त्या परिपथाला एक बिट जास्त अचूक करायचं म्हटलं, की चौपटीचा हिशेब तिथेही येतोच.