गुलामगिरीचा वारसा आणि पुणे

माणसाला मालमत्ता मानून त्याची खरेदी-विक्री करण्याची प्रथा कायद्याने बंद झाल्यावरही तिने घडवलेली कामाची वाटणी, कर्जाचे बंधन, वस्तीतली अंतरे आणि वंशश्रेष्ठत्वाच्या समजुती समाजात टिकून राहतात. त्यांना एकत्रितपणे गुलामगिरीचा वारसा म्हणतात. अटलांटिक गुलाम-व्यापारात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबली गेली व त्यांपैकी एक कोटी सात लाखांच्या आसपास माणसे पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली. त्यामुळे या विषयाची चर्चा प्रामुख्याने अमेरिका खंडाच्या संदर्भात होते. पुण्याचा त्याच्याशी संबंध दुहेरी आहे. येथे दासप्रथा होती, आणि जातिव्यवस्थेला गुलामगिरी ठरवणारे विवेचनही येथेच लिहिले गेले.

पेशवेकालीन पुण्यात कुणबिणी व बटकी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दासी सरकारी कोठ्या, पागा व किल्ल्यांवर तसेच खाजगी वाड्यांत राबत. त्या विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात आणि पळून गेल्यास शोधून परत आणल्या जात. व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रियांना शिक्षा म्हणून कुणबीण केल्याच्या नोंदीही आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात या व्यवहाराचे कागद पुष्कळ असूनही पेशवाईच्या लोकप्रिय वर्णनांत या स्त्रिया जवळजवळ दिसत नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये केलेल्या गुलामगिरीबंदीच्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. त्या कायद्यान्वये दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली ती मालकांना. सुटलेल्या गुलामांना काही मिळाले नाही, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड २०१५ मध्ये झाली. कंपनीच्या मुलखासाठी १८४३ चा पाचवा कायदा आला. त्याने न्यायालयांना दासावरील मालकीहक्क मान्य करण्यास मनाई केली, परंतु गुलाम बाळगणे हा गुन्हा ठरवला नाही; गुलामांची खरेदी-विक्री शिक्षेस पात्र झाली ती १८६० च्या दंडसंहितेने. मुक्त झालेल्या माणसाने कोठे राहावे व काय खावे, याविषयी १८४३ व १८६० चे दोन्ही कायदे मौन बाळगतात.

या पार्श्वभूमीवर जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यातून ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना केली. ग्रंथ जोतीराव व धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात आहे. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ज्या लोकांनी निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी निरपेक्षपणे झीज सोसली त्यांना उद्देशून आहे, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना तो कित्ता गिरवावा अशी इच्छा तीत व्यक्त केली आहे. शूद्रातिशूद्र बाजारात विकले जात नसताना त्यांना गुलाम म्हणणे ही अतिशयोक्ती आहे, असा आक्षेप यावर घेता येतो. फुले यांच्या प्रतिपादनात त्याचे उत्तर आहे: काळ्या लोकांना पकडून नेऊन विकले, तर येथल्यांना जिंकून दास केले आणि धर्मग्रंथांच्या आधाराने ते दास्य त्यांच्या मनात रुजवले. ज्या अमेरिकेकडे ते आशेने पाहत होते तिथला इतिहास मात्र पुढे उलटा फिरला. गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची. दक्षिणेतील उरलेल्या केंद्रीय फौजांचे संरक्षण १८७७ मध्ये काढून घेतले गेले आणि १८९६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळ्या रेल्वेडब्यांना मान्यता दिली. कायदेशीर मुक्ती आणि प्रत्यक्ष समता यांतील हे अंतर अर्पणपत्रिका छापली गेली तेव्हा अजून पुरते उघडे पडलेले नव्हते.

फुले यांनी युरोपीय विद्वानांचा आर्य आगमनाचा सिद्धांत उचलून त्याला विजेत्यांच्या अत्याचाराची कथा बनवले. हाच वंशविचार वसाहती प्रशासनाच्या हाती गेल्यावर त्याचे स्वरूप बदलले. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली नाकाच्या मापावरून जातींची प्रतवारी लावू पाहत होते. लष्करात ‘लढवय्या जाती’ ठरवल्या गेल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती थांबली, जरी १८१८ मध्ये पुण्याजवळच्या कोरेगावला त्यांच्या सैनिकांनी कंपनीच्या बाजूने लढून प्राण दिले होते. ही भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे अर्ज केला. पुढे डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये नासिकामापनाचेच आकडे वापरून ब्राह्मण व अस्पृश्य भिन्न वंशांचे नाहीत, असा निष्कर्ष काढला.

याच सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी वंशशास्त्राचे शिक्षण बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली घेतले होते. फिशर यांनी नैर्ऋत्य आफ्रिकेतील मिश्र वंशाच्या लोकांची मापे घेऊन आपली कीर्ती उभारली होती आणि आंतरवंशीय विवाहांना त्यांचा विरोध होता. कर्वे यांनी कवट्यांच्या दोन बाजूंतील असमानता मोजली. त्यांच्यासमोरच्या कवट्यांत आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतून आणलेल्याही होत्या. ही असमानता वंशाशी निगडित नाही, असा निष्कर्ष त्यांनी १९३० च्या प्रबंधात नोंदवला. ती वंशानुसार बदलते या गुरूच्या अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष काढण्याचे हे धाडस थोर आहे, तरी मोजपट्टी त्यांनी खाली ठेवली नाही. परतल्यावर महाराष्ट्रातील जातींची शरीरमापने त्या घेतच राहिल्या.

आजच्या पुण्यात हा वारसा वेगवेगळ्या वाटांनी दिसतो. कचरा वेचणे व मैला साफ करणे ही कामे आजही बहुतांशी दलित जातींकडे आहेत. भाड्याचे घर देताना आडनाव विचारले जाते, आफ्रिकी विद्यार्थ्यांना घर मिळवताना रंगाची अडचण येते, आणि वधू-वर सूचक जाहिरातींतून ‘गोरी’ हे विशेषण अजून गेलेले नाही.

कर्जाचे बंधन सर्वांत स्पष्ट दिसते ते ऊसतोडीत. जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या हंगामासाठी बीडसारख्या दुष्काळी भागांतून टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मजूर पुरवणारा मुकादम त्यांना हंगामापूर्वी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती तोडलेल्या उसाच्या टनामागच्या दरातून फेडायची असते, आजारपणाच्या दिवसाचा खाडा वेगळा कापला जातो, आणि हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. अमेरिकेच्या दक्षिणेत मुक्त झालेले गुलाम बटाईने कापूस पिकवू लागले तेव्हा जमीनदाराच्या दुकानातील उधारीने त्यांना असेच जखडले होते. भारतात वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने सावकारावर टाकली आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती नेमण्याची तरतूद केली आहे. परंतु उचलीचा हिशेब बहुधा मुकादमाच्या वहीत असतो, आणि मजुराकडे त्याची प्रत नसते.