सिंधुदुर्ग कधीच पडला नाही?

सांगलीहून मालवणला सहल निघाली की बसमध्ये कुणीतरी हे ठणकावून सांगतंच. जंजिऱ्याची अजिंक्यपणाची ख्याती याला चिकटली असावी. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे करवीरकरांकडे, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे राहिला. त्यांचं मालवणचं आरमार इंग्रजांची व्यापारी जहाजं लुटायचं, म्हणून १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रज चालून आले, किल्ला घेतला आणि चक्क ‘फोर्ट ऑगस्टस’ असं बारसंही केलं! वर्षभरात पैसे घेऊन परत केला, ते वेगळं. चुन्यातले महाराजांच्या हातापायाचे ठसे दाखवताना हे कुणी सांगत नाही. १८१२ मध्ये किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला, तोही तहाच्या कागदावर.