दाणा झोपतो कोणत्या तापमानाला?

नुकत्याच काढलेल्या जवाचे, म्हणजे बार्लीचे, दोनशे दाणे घ्या. शंभर एका बशीत ओल्या कागदावर पसरा, शंभर दुसऱ्या बशीत. पहिली बशी १० अंश सेल्सिअसला ठेवा, दुसरी ३० अंशांना. पाणी सारखं, कागद सारखा, अंधारही सारखाच. काही दिवसांत थंड बशीत पांढरी मुळं डोकावू लागतात आणि बहुतेक दाणे रुजतात. उबदार बशीतले दाणे पाणी पिऊन टम्म फुगतात आणि तसेच पडून राहतात. पुढे त्यांच्यावर बुरशी आली की बघणारा म्हणतो, बियाणं मेलेलंच होतं. ते मेलेलं नव्हतं. त्याला ती ऊब चालत नव्हती, एवढंच.

सुप्तावस्था म्हटलं की आपल्याला कुलूप आठवतं, एक तर लागलेलं नाहीतर उघडलेलं. तृणधान्यांच्या बाबतीत हे चित्र फसवं आहे. वरचा जव १० अंशांना टक्क जागा आहे आणि ३० अंशांना गाढ झोपलेला आहे. त्यामुळे ‘हे बियाणं सुप्त आहे का?’ हा प्रश्नच अर्धवट ठरतो. ‘कोणत्या तापमानाला सुप्त आहे?’ असं विचारायला हवं. काढणीनंतर जसजसे आठवडे जातात, तसतसा दाणा जास्त जास्त उबेतही रुजायला राजी होतो. सुप्तावस्था जाते म्हणजे हा चालणाऱ्या तापमानाचा पट्टा रुंदावतो.

बीजपरीक्षण प्रयोगशाळांना हे पक्कं ठाऊक असतं. ताज्या गव्हाची किंवा जवाची उगवणक्षमता मोजायची तर ओले दाणे आधी काही दिवस ५ ते १० अंशांना ठेवतात आणि मग नेहमीच्या २० अंशांना आणतात. ही पायरी गाळली तर चांगल्या बियाण्याच्या नावापुढे वाईट आकडा लागतो.

उबेत जवाचं अडतं कुठे? एक जागा अगदी बाहेर आहे, तुसात. जवाचं तूस दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं. ते ओलं झालं की त्यातली फिनॉल वर्गातली रसायनं ऑक्सिजन स्वतःच खाऊन टाकतात, आणि ऊब वाढली की हे खाणंही वाढतं. शिवाय उबदार पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे ११ मिलिग्रॅम असतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे गर्भाला जास्त ऑक्सिजन हवा असतो नेमका तेव्हाच पुरवठा आटतो. बारीक चिमट्याने तूस सोलून काढलं तर अडून बसलेले दाणेही बऱ्याचदा ३० अंशांना रुजतात. नुसता गर्भ दाण्यातून सुटा करून ओल्या कागदावर ठेवला तर त्याची वाढ लगेच सुरू होते. झोप एकट्या गर्भाची नसते, त्याच्या पांघरुणाचीही असते.

दुसरी जागा गर्भातली. अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक रुजण्याला आवर घालतं, जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक त्याला पुढे ढकलतं. थंडाव्यात भिजलेला जव आपल्याकडचं अ‍ॅब्सिसिक आम्ल मोडून टाकतो. ३० अंशांना मात्र मोडणाऱ्याच्या जोडीला नवं तयार होत राहतं, त्यामुळे साठा उतरत नाही. आवर सुटला की गर्भातून निघालेलं जिबरेलिन कोंड्यालगतच्या जिवंत पेशींच्या थराला अमायलेज बनवायला लावतं, अमायलेज पिष्टाची साखर करतं आणि कोंब त्या साखरेवर पोसला जातो. (या जिबरेलिनची ओळखही एका तृणधान्यातूनच झाली. भाताची रोपं भलतीच उंच वाढून कोलमडायची. जपानीत त्या रोगाला ‘बाकानाए’ म्हणतात, म्हणजे मूर्ख रोप. ही करामत बुरशीने सोडलेल्या रसायनाची आहे, हे १९२६ मध्ये एइची कुरोसावा यांनी दाखवलं.)

ओल्या उबेत नुसतं अडूनच राहायचं असतं तरी ठीक होतं. पण काही दिवस ३० अंशांना भिजत पडलेला जव नंतर २० अंशांना आणला, तर एरवी तिथे रुजले असते असे दाणेही अडतात. झोप वाढलेली असते.

भात आणि ज्वारी याच्या उलट वागतात. ताजा, सुप्त दाणा गारव्यात अडतो आणि तिशीच्या पुढच्या तापमानाला बऱ्यापैकी रुजतो. यामागचा तर्क मला पटतो तो असा. गहू आणि जव यांचे रानटी पूर्वज पश्चिम आशियातले. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि दाणा झडतो तो कोरड्या, कडक उन्हाळ्याच्या तोंडावर. त्या उन्हाळ्यात एखादी चुकार सर आली आणि दाणा फसला, तर रोप पंधरवड्यात वाळून जाणार. म्हणून ‘ओल आहे पण ऊबही आहे’ याचा अर्थ त्यांच्यासाठी ‘अजून थांब’ असा होतो. भात-ज्वारी उन्हाळी पावसावर वाढणारी. त्यांच्यासाठी धोका गारव्यात असतो.

इथवर भिजलेल्या दाण्याचं झालं. कोरड्या दाण्याला ऊब वेगळंच काही सांगते, आणि इथे गहू, जव, भात सगळे एका बाजूला येतात. कोठारात जितकी ऊब तितकी सुप्तावस्था लवकर ओसरते. भातात तापमान १० अंशांनी वाढलं की ओसरण्याचा वेग साधारण तिप्पट होतो. म्हणूनच भाताचं ताजं बियाणं तपासण्याआधी प्रयोगशाळेत ते काही दिवस ५० अंशांना कोरडंच तापवतात. उलट, संशोधकांना सुप्त दाणे पुढच्या प्रयोगांसाठी सुप्तच हवे असतील, तर ते सुकवून उणे २० अंशांना ठेवून देतात. तिथे झोपही टिकते आणि जीवही.

सुप्तावस्था सरल्यावरचं गणित त्यामानाने साधं आहे. प्रत्येक पिकाचं एक किमान तापमान असतं, आणि त्याच्या वर जितके अंश तितका रुजण्याचा वेग. बाजरीसाठी ते १२ अंशांच्या आसपास धरलं, तर २० अंशांच्या मातीत दिवसाला ८ अंश जमा होतात आणि ३२ अंशांना २०, म्हणजे काम अडीचपट लवकर. एका मर्यादेनंतर मात्र वेग झपाट्याने कोसळतो. गव्हाचं किमान तापमान याहून बरंच खाली, शून्याच्या जरा वर असतं.

दाणा ओंबीत भरत असतानाच तापमानाची आणखी एक नोंद होते. गारव्यात पिकलेला गहू गाढ झोपतो, कडक उन्हात पिकलेला वरवर. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये यातला एक दुवा दाखवला. कमी तापमानात पिकणाऱ्या दाण्यात एमएफटी नावाचं जनुक जास्त काम करतं आणि ते रुजणं रोखतं. नावातला ‘एम’ ‘मदर’चा आहे, पण ती आई जनुकांच्या कुळातली, ओंबीची नव्हे. आता हे सगळं एकत्र ठेवा. दाणे भरताना ऊन कडक, म्हणून झोप उथळ. मग काढणीच्या तोंडावर दोन-तीन दिवसांचा गार पाऊस, म्हणजे रुजायला हवं तेच तापमान. अशा वेळी उभ्या पिकातच ओंबीला कोंब फुटतात.

असं नुकसान मोजायची एक जुनी, जवळजवळ घरगुती वाटावी अशी चाचणी आहे. नळीत ७ ग्रॅम पीठ आणि २५ मिलिलिटर पाणी घालून ती उकळत्या पाण्यात धरतात, मिनिटभर ढवळतात आणि दांडा सोडून देतात. खळ घट्ट असेल तर दांडा सावकाश उतरतो. चांगल्या गव्हात सुरुवातीपासून ३०० सेकंदांहून जास्त लागतात. मोड आलेल्या दाण्यातलं अमायलेज खळ पातळ करतं आणि दांडा ढवळणं थांबताच तळ गाठतो.

हीच चाचणी कधी कधी असा गहूही पकडते, ज्याने काढणीपर्यंत पाऊस पाहिलेलाच नाही. काही जातींमध्ये फुलोऱ्यानंतर साधारण २५ ते ३० दिवसांनी थंडीचा झटका बसला, तर दाणा कोंबाशिवायच अमायलेज बनवून ठेवतो. दिसायला तो निर्दोष असतो, पण आकडा घसरतो आणि मालाची प्रत उतरते. अशा पिठाचा ब्रेड खरंच बिघडतो का, यावर मात्र संशोधकांचं अजून एकमत नाही.