गिटारच्या पोटातली बेरीज-वजाबाकी

मुंबईतल्या कुठल्याही घरात सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे तारेचं कंपन टिपणाऱ्या भागात एकच गुंडाळी असलेली, इलेक्ट्रिक गिटार ॲम्पला जोडा, व्हॉल्यूम वर न्या आणि सगळ्या तारा तळहाताने दाबून धरा. तारा गप्प झाल्या तरी स्पीकर गप्प होत नाही. ‘घूं’ असा जाड सूर, म्हणजेच हम, येतच राहतो. आता जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवून ती छेडा. दोन्ही सूर जवळजवळ जुळतात. तारेचा सूर ९८ हर्ट्झचा. भिंतीतल्या वायरींमधली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि तो ‘घूं’ त्या ५० चा आणि त्याच्या पटींचा मिळून बनतो. छोट्या स्पीकरला ५० झेपत नाही, म्हणून १०० ठळक ऐकू येतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, त्यामुळे तिथला हम वेगळ्या सुरात, बी फ्लॅट आणि बी यांच्या मध्ये कुठेतरी लागतो.

हा हम कसा घालवायचा आणि तो घालवताना तारेचा आवाज कसा राखायचा, या एका प्रश्नातून गिटारचं बरंचसं वायरिंग समजतं. मनासारखी गिटार बनवून घेणारी मंडळी लाकूड, नेकची जाडी, रंग यांवर महिनोन्‌महिने चर्चा करतात. वायरिंगचा विषय मात्र शेवटच्या आठवड्यात निघतो आणि कुठलीतरी आकृती डोळे मिटून उतरवली जाते. मला हे पटत नाही. गिटार कशी बोलणार हे तिच्या पोटातल्या पोकळीतल्या चार-सहा वायरींची टोकं कुठे जोडली यावर फार अवलंबून असतं आणि त्यामागचं गणित शाळेत सगळ्यांनी केलेलं असतं.

आधी पिकअप. चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची वायर, एवढीच ही वस्तू. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या पिकअपमध्ये ही वायर साधारण ०.०६३ मिलिमीटर जाडीची असते. तिचे सात-आठ हजार वेढे घातलेले असतात. सरळ केली तर ती एक किलोमीटरच्या आसपास भरेल. वरून जाणारी स्टीलची तार या चुंबकामुळे स्वतः थोडीशी चुंबक बनते. ती थरथरली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं आणि वायरच्या दोन टोकांत विद्युतदाब तयार होतो. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये जे दाखवलं ते हेच. म्हणून नायलॉनच्या तारांची गिटार या पिकअपला ऐकूच येत नाही. ॲकूस्टिक गिटारच्या ब्राँझ तारा ऐकू येतात त्या आतल्या स्टीलच्या गाभ्यामुळे, आणि त्याही बेताने.

पण कॉइलला कुठलंही बदलतं चुंबकीय क्षेत्र चालतं. पंख्याची मोटर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, ट्यूबलाइटचा चोक, ॲम्पचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांचं क्षेत्र तिच्यात शिरतं. अंतर वाढलं की ते झपाट्याने कमी होतं. पण दहा बाय बाराच्या खोलीत अंतर आणायचं कुठून? एक गोष्ट करून पाहा: खुर्चीत बसल्या बसल्या गिटारसकट हळूहळू गोल वळा. एका ठरावीक कोनात हम जवळजवळ बुडतो. त्या क्षणी बाहेरचं क्षेत्र कॉइलच्या आरपार न जाता तिच्या कडेने निघून जात असतं.

आता मुख्य मुद्दा. पिकअपला दोन चिन्हं असतात. वायर कुठल्या दिशेने गुंडाळली, हे पहिलं. चुंबकाचं उत्तर टोक वर आहे की दक्षिण, हे दुसरं. हम बाहेरून येतो, त्याला पिकअपमधल्या चुंबकाशी घेणंदेणं नाही; त्याचं चिन्ह फक्त गुंडाळीवर ठरतं. तारेचा आवाज मात्र त्या चुंबकामुळेच निर्माण होतो, म्हणून त्याचं चिन्ह म्हणजे दोन्ही चिन्हांचा गुणाकार. एक कॉइल धन-धन घ्या. दुसरीत गुंडाळीही उलटी करा आणि चुंबकही उलटं करा. तारेचा आवाज ऋण गुणिले ऋण, म्हणजे पुन्हा धन. हम नुसता ऋण. दोन्ही कॉइल जोडल्या की तारेच्या आवाजाची बेरीज होते आणि हमची वजाबाकी.

हेच हंबकर. गिब्सन कंपनीतले सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळायला १९५९ उजाडलं. मधल्या काळातल्या पिकअपवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’, म्हणजे ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’, असं स्टिकर असे आणि त्याच्या आद्याक्षरांवरून त्या पिकअपना आजही ‘पीएएफ’ म्हणतात. फार विचार न करता सांगता येईल इतकी सोपी कल्पना आहे, पण मला ती या साऱ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते. ज्या गोष्टीचा त्रास होतो ती अडवायची नाही. दोनदा आत घ्यायची आणि तिलाच तिच्यातून वजा करायचं.

स्ट्रॅटोकास्टरला ही युक्ती उशिरा मिळाली. १९५४ च्या मूळ गिटारमध्ये तीन पिकअप होते आणि स्विच तीन खाचांचा: एका वेळी एकच पिकअप. वादकांच्या लक्षात आलं की स्विचची दांडी दोन खाचांच्या मध्ये अडकवून ठेवली तर दोन पिकअप एकदम लागतात आणि एक मोकळा, घंटेच्या जवळ जाणारा आवाज येतो. फेंडर कंपनीने पाच खाचांचा स्विच द्यायला १९७७ साल उजाडलं. आत तो अजूनही तीनच जागांचा असतो. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्याची पट्टी एकाच वेळी दोन पायांना टेकते, इतकंच. पुढे मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट चुंबकाचा बसवायची पद्धत रुळली. त्यामुळे याच दोन खाचांत हम नाहीसा होतो.

चिन्ह एकाच जागी चुकलं तर काय होतं? दोन पिकअप एकमेकांविरुद्ध लागतात. तारेचा मूळ सूर आणि खालचे स्वरांश दोन्ही पिकअपखाली साधारण सारखेच असतात, ते एकमेकांना खातात. उरतो तो बारीक, नाकातून आल्यासारखा आवाज. हा नेहमी दोषच असतो असं नाही. ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या गिब्सन लेस पॉल गिटारमध्ये नेक पिकअपचं, म्हणजे मानेजवळच्या पिकअपचं, चुंबक उलटं बसलेलं होतं आणि दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर येणारा तो पोकळ, रडवेला आवाज त्यांची ओळख ठरला. गुंडाळीला हात न लागता फक्त चुंबक फिरल्यामुळे हम मात्र पूर्वीसारखाच कटत राहिला. वरचं गणित मांडून पाहा, उत्तर तेच येईल.

दोन कॉइल एकामागून एक जोडायच्या की शेजारी-शेजारी, म्हणजे सिरीज की पॅरलल, यानेही आवाज बदलतो, आणि इथे थोडे आकडे हवेत. पिकअपचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) आणि केबलचं कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) मिळून एक अनुनाद तयार होतो. त्या वारंवारतेभोवतीचा आवाज उठून येतो आणि त्यापुढचा तीव्र भाग गळून पडतो. पिकअप २.५ हेन्रीचा धरा. केबल पाच मीटरची, मीटरला शंभर पिकोफॅरडच्या हिशोबाने ५०० पिकोफॅरड. अनुनाद येतो साधारण ४५०० हर्ट्झवर. दोन पिकअप सिरीजमध्ये जोडले की इंडक्टन्स दुप्पट होतं आणि अनुनाद ३२०० च्या आसपास उतरतो: आवाज मोठा, भरदार, किंचित झाकलेला. पॅरललमध्ये इंडक्टन्स निम्मं, अनुनाद ६४०० च्या जवळ: मोकळा, चकचकीत. आणि एकच पिकअप ठेवून केबल दहा मीटरची केलीत तरी अनुनाद ४५०० वरून त्याच ३२०० वर येतो. महागडा पिकअप घेऊन आवाज बोथट वाटत असेल तर आधी केबल मोजा.

व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा फिरता रेझिस्टर, हा या अनुनादाचा लगाम. २५० किलोओहमचा पॉट उठाव जास्त दाबतो, ५०० चा कमी. सिंगल कॉइल मुळात तीव्र, म्हणून तिला २५०. हंबकर मुळात जाड, म्हणून त्याला ५००. टोनच्या पॉटवरचा कपॅसिटर तीव्र सुरांना जमिनीकडे वाट काढून देतो. त्यावर ‘२२३’ छापलेलं असेल तर तो ०.०२२ मायक्रोफॅरड, ‘४७३’ असेल तर ०.०४७. काही हजार रुपयांना मिळणारे जुन्या काळचे कपॅसिटर वेगळा आवाज देतात यावर माझा विश्वास नाही. किंमत सारखी असली, म्हणजे मायक्रोफॅरडमधली, की काम सारखंच होतं.

सामानासाठी मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, आहेच. पॉट, कपॅसिटर, स्लीव्ह, कोॲक्सियल वायर, सहा पायांचा डीपीडीटी स्विच (दोन जोडण्या एकदम बदलणारा) तिथे मिळून जातात. पॉट घेताना अंगावरचं अक्षर वाचा: ‘ए’ म्हणजे लॉग, ‘बी’ म्हणजे लिनियर. कान आवाजाची वाढ पटीत मोजतो, त्यामुळे व्हॉल्यूमला ‘बी’ लावला तर दहापासून चारपर्यंत फिरवूनही फारसं काही घडत नाही आणि मग एकदम आवाज पडतो. गिटारचे नॉबही सोबत न्या, कारण इंची आणि मेट्रिक दांड्यांचे दाते जुळत नाहीत.

दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र बसवत असाल तर रंगांवर विसंबू नका. चार वायरींच्या हंबकरमध्ये सीमोर डंकनची काळी वायर आउटपुटकडे जाते, डीमार्झिओची लाल. त्यापेक्षा दोन्ही चिन्हं स्वतः तपासा. काट्याचा जुना मल्टिमीटर सर्वांत कमी डीसी व्होल्टवर लावा, पिकअपची दोन टोकं त्याला जोडा आणि स्क्रूड्रायव्हरचं पातं पोलवर, म्हणजे पिकअपच्या वर दिसणाऱ्या धातूच्या टोकावर, झटकन टेकवा. काटा एका बाजूला उसळतो. पातं ओढून काढलं की उलट बाजूला. टेकवताना दोन्ही पिकअपचा काटा एकाच बाजूला गेला तर तारेचे आवाज बेरजेत आहेत. मग छोटं होकायंत्र न्या: सुईचं एकच टोक दोन्हींकडे ओढलं जात असेल तर चुंबकं सारखी आहेत, म्हणजे हम कटणार नाही, वेगवेगळी टोकं ओढली गेली तर कटेल. सोल्डरिंग आयर्नला हात लावण्याआधीच उत्तर हातात.

सोल्डरबद्दल एकच सांगतो. ग्राउंडच्या वायरी पॉटच्या पाठीवर जोडतात आणि ती पाठ म्हणजे धातूचा चांगला मोठा तुकडा. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नची उष्णता ती पिऊन टाकते. वर राखाडी गोळा बसतो, खाली काहीच धरलेलं नसतं. हाच ड्राय सोल्डर, आणि पावसाळ्याच्या दमट, खारट हवेत तो महिन्याभरात कुरकुरायला लागतो. पाठ पॉलिश पेपरने घासा, फ्लक्स लावा, ५०-६० वॉटचं आयर्न घ्या आणि तीन-चार सेकंदांत काम संपवा. जास्त वेळ धरलं तर आतला कार्बनचा पट्टा भाजतो.

पोकळीला तांब्याची टेप लावतात, तिच्याकडून अपेक्षा नीट ठेवा. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा किंवा एलईडी दिव्यांचा ‘चर्र’ असा आवाज विद्युत क्षेत्रातून येतो. ग्राउंडला जोडलेली टेप तो छान अडवते. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र मात्र तिला जुमानत नाही. भरीव तांब्यात ते निम्म्याहून खाली यायलाच सहा-सात मिलिमीटर लागतात. टेप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची. हमवर इलाज दोन कॉइलचाच.

शेवटची वायर ब्रिजखालून, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या भागाखालून, ग्राउंडला जाते. तारांना हात लावला की आवाज शांत होतो तो तिच्यामुळे: आपलं शरीर आसपासच्या वायरींमधलं विद्युत क्षेत्र गोळा करत असतं, ते तारांवाटे ग्राउंडला जातं. पण म्हणजे वाजवणाऱ्याचा हात सतत ॲम्पच्या अर्थिंगला टेकलेला असतो. जुन्या चाळींमध्ये तीन पिनांच्या सॉकेटमागे अर्थची वायर पोचलेलीच नसते, हे अजूनही सर्रास दिसतं. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर फेजचा दाब तारांवर येऊ शकतो. ओठ दुसऱ्या सॉकेटवर चालणाऱ्या माइकला लागले की सर्किट अंगातून पूर्ण होतं. गिटार स्वतः काहीशे मिलिव्होल्टच देते, धोका तिच्यात नाही. हम कमी होतो म्हणून ॲम्पच्या प्लगची जाड (अर्थची) पिन काढून टाकणारे भेटतात, तसं कधीही करू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या, मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा.