रायफलच्या हेडस्पेसची पार्श्वभूमी : गेजवरचे आकडे कोणासाठी ठरले

हेडस्पेस म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या भागात) जिथे टेकते तिथपर्यंतचे अंतर. नवी नळी घरीच बसवून ते स्वतः लावण्याची प्रथा मूळची अमेरिकेतील आहे आणि तिचा पाया 1958 साली तिथल्या बाजारात आलेल्या एका बोल्ट-ॲक्शन रायफलने घातला. तोपर्यंत नळीचा खांदा रिसीव्हरवर (नळी आणि बोल्ट धरणाऱ्या सांगाड्यावर) घट्ट टेकवायचा आणि मग चेंबर रीमर या कापणाऱ्या हत्याराने थोडा थोडा खोल करत गेजशी जुळवायचा, असे लेथवरच्या मुरलेल्या हाताचे काम असे. या रायफलची नळी मात्र वेगळ्या नटाने आवळली जाई. चेंबरमध्ये गो-गेज (किमान मापाचे गेज, ज्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा) ठेवून बोल्ट बंद करायचा, नळी गेजला टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळायचा, एवढ्यावर माप बसत असे. कारखान्याचा हेतू खर्च वाचवण्याचा होता. पुढे हीच रचना हौशी माणसांच्या कामाला आली. नट आवळताना नळी किंचित सरकू शकते, म्हणून आवळल्यानंतर गो आणि नो-गो (कमाल मापाचे, ज्यावर बोल्ट बंद होता कामा नये) ही दोन्ही गेज पुन्हा लावून पाहावी लागतात, आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नुसार शस्त्र बनवणे, दुरुस्त करणे, त्याचे रूपांतर करणे किंवा त्याची चाचणी घेणे यासाठी परवाना लागतो. त्यामुळे इंदूर-महू पट्ट्यात घरी नळी बसवण्याचा प्रश्नच येत नाही. हेडस्पेसचा प्रश्न मात्र येतो. इथल्या जुन्या मराठी घरांतून वडिलोपार्जित .315 बोअरच्या रायफली परवान्यावर आहेत. निवडणूक आली की परवान्यावरची शस्त्रे ठाण्यात जमा होतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत मिळतात. परत घेताना बोल्टवरचा क्रमांक रिसीव्हरवरच्या क्रमांकाशी जुळतो की नाही, हे प्रत्येकाने पाहून घ्यावे. दुसऱ्या रायफलचा बोल्ट सहज आत बसतो, बंदही होतो, आणि तरीही हेडस्पेस मर्यादेबाहेर असू शकते.

.315 चे काडतूस ब्रिटिश लष्कराच्या .303 प्रमाणेच कडेचे, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेले आहे आणि हेडस्पेस त्या कडेवर मोजले जाते, म्हणून .303 चा इतिहास इथे थेट लागू पडतो. हे काडतूस 1888 मध्ये आले तेव्हा त्यात काळी दारू होती. कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू 1891 पासून आली. त्याच सुमारास जर्मनीने बिनकडेचे काडतूस स्वीकारले आणि हेडस्पेस काडतुसाच्या खांद्यावर (ते मानेकडे निमुळते होते तिथे) मोजण्याची पद्धत रूढ झाली. ब्रिटिशांनी कड कायम ठेवली, आणि पुढचा बराचसा गुंता त्या निर्णयातून निघाला.

लष्करी .303 रायफलींसाठी मर्यादा ठरली ती .064 ते .074 इंच, म्हणजे कारागिरांच्या भाषेत दहा थाऊंची (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोकळीक. आजच्या नेमबाजाला ती फार सैल वाटते. ती का सैल ठेवली, हे 1915 मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर कॅनडाच्या सैन्याच्या हाती असलेल्या रॉस रायफलने दाखवले. तिचा चेंबर घट्ट होता, निशाणा उत्तम होता. पण चिखलात आणि मापात कमीजास्त निघालेल्या ब्रिटिश काडतुसांपुढे ती अडकू लागली आणि पुढच्या वर्षी आघाडीवरून काढून घेतली गेली. दोष रायफलचा की काडतुसांचा, हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते सैल चेंबरचा निर्णय सैनिकासाठी योग्यच होता, कारण त्याचे काडतूस एकदाच झडते आणि रिकामी केस (काडतुसाचे पितळी आवरण) मातीत पडते.

अडचण होते ती तीच केस पुन्हा भरणाऱ्याची. कडेपाशी माप अचूक असले तरी पुढे खांद्याशी मोकळी जागा उरतेच. बार उडाला की केसची भिंत चेंबरला चिकटते, बूड मागे बोल्टवर आदळते, आणि बुडाच्या थोडे वर पितळ ताणले जाते. अशी केस हातात घेऊन उजेडात फिरवली, तर तिथे एक बारीक चकचकीत वळे दिसते. ते दिसले की ती केस टाकून द्यावी. पुढच्या बाराला ती तिथेच तुटते आणि वायू मागे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो.

यावर उपाय म्हणून बोल्ट-हेड (बोल्टचा पुढचा सुटा तुकडा) बदलून लांब बसवण्याची जी सवय लागली, ती मला सर्वांत घातक वाटते. .303 च्या नंबर 4 रायफलीसाठी 0 ते 3 असे चार क्रमांकांचे बोल्ट-हेड निघाले. प्रत्येक पुढचा सुमारे तीन थाऊंनी लांब. हे क्रमांक लष्करी शस्त्र-कारागिरासाठी होते आणि प्रत्यक्ष मापे एकमेकांवर चढलेली आढळतात: एखादा 1 मोजल्यावर 2 पेक्षा लांब निघतो. 3 बसवलेला असला म्हणजे रायफल झिजलेली, असेही नाही. आणि मूळ ताण खांद्याशी असेल, तर कडेपाशी तीन थाऊ कमी करून तो फारसा हटत नाही. तो हटतो तो केस भरताना फक्त तिची मान आवळून खांद्याला हात न लावल्याने.

1962 च्या युद्धानंतर ईशापूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने .303 च्या जुन्या नंबर 1 घाटाची रायफल सुधारित पोलादात 7.62 मिमीच्या बिनकडेच्या काडतुसासाठी बनवली, आणि कडेवर मोजले जाणारे माप खांद्यावर आले. इथे दुसरा घोळ झाला. 7.62 चेच व्यापारी भावंड असलेल्या .308 साठी अमेरिकी उत्पादकांचे गेज गो 1.630, नो-गो 1.634 आणि बाद करण्याचे 1.638 इंच आहेत. अमेरिकी लष्कराच्या 7.62 रायफलीसाठी बाद करण्याची मर्यादा 1.6455 इंच होती. लष्करी केसची भिंत जाड, म्हणून ही सूट. एका मालिकेचे गेज दुसऱ्या काडतुसाला लावले, तर चांगली रायफल बाद ठरते किंवा धोक्याची रायफल उत्तीर्ण होते.

गेजऐवजी काडतुसाच्या बुडाला सेलोटेपचे थर चिकटवून अंदाज घेणारेही आहेत. टेप दाबली जाते आणि काडतुसाचे स्वतःचे माप ठाऊक नसते, त्यामुळे त्या अंदाजाला चाचणी म्हणता येत नाही. गेज कठीण पोलादाचे हवे, फायरिंग पिन आणि एक्स्ट्रॅक्टर काढलेले हवेत, आणि बोल्ट बोटाच्या हलक्या जोराने बंद करायला हवा. जोर लावला तर नो-गोवरही तो बंद होऊ शकतो. इंदुरात .315 परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे देताना गेज .315 चेच आहे ना, हे आधी विचारावे आणि तपासणी आपल्यासमोर करायला सांगावी.