करून दाखवलं की रोबो शिकतो, पण काय शिकतो?

रोबोला काम शिकवायची जुनी पद्धत म्हणजे सगळं लिहून द्यायचं, हात इतका वर घे, इतका वळव, आता पकड, आता सोड. कारखान्यात हे मस्त चालतं कारण तिथे वस्तू दरवेळी त्याच जागी येते, पण वस्तू जरा सरकली की सगळं गणित फिसकटतं. मग विचार आला की मुलं बघून बघून शिकतात तसं रोबोलाही करूनच दाखवू की! कुणी रोबोचा हात धरून फिरवतं, कुणी लांबून कंट्रोल करतं, आणि त्या वेळी कॅमेऱ्याला काय दिसलं, सांधे कसे हलले हे सगळं रेकॉर्ड होतं. मग न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, त्यातून एवढंच शिकतं की असं दिसलं की असं करायचं.

ऐकायला सोपं आहे, पण मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती म्हणजे, जो माणूस काम उत्तम करतो तो एक महत्त्वाचा भाग कधी दाखवतच नाही, चुकल्यावर सावरायचं कसं. कारण तो चुकतच नाही ना.

कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत डीन पॉमर्लो यांना हे फार आधी जाणवलं होतं. त्यांची १९८९ ची ॲल्विन ही सिस्टिम कॅमेऱ्यातून रस्ता बघून गाडीचं स्टीअरिंग वळवायची. चित्र म्हणजे फक्त ३० बाय ३२ ठिपक्यांचं! पुढे ती माणसाचं ड्रायव्हिंग बघून शिकायला लागली. आता चांगला ड्रायव्हर गाडी कायम लेनच्या मधोमध ठेवतो, त्यामुळे गाडी कडेला गेली तर काय करायचं याचं एकही उदाहरण नेटवर्कला मिळत नाही. पॉमर्लोंनी मग प्रत्येक चित्र कॉम्प्युटरवर थोडं डावी-उजवीकडे सरकवून खोटी 'भरकटलेली' चित्रं बनवली आणि त्यासोबत परत मधे यायचं वळण शिकवलं.

हे इतकं महत्त्वाचं का, तर छोटी चूक एकटी येत नाही. रोबो जरासा चुकला की त्याला जे दिसतं ते डेमोत, म्हणजे माणसाने करून दाखवलेल्यात, कधी नव्हतंच, मग तो आणखी चुकतो, मग आणखीच अनोळखी जागी पोचतो, आणि काम जितकं लांबलचक तितकं हे वाढत जातं. २०११ मध्ये रॉस, गॉर्डन आणि बॅग्नेल या संशोधकांनी यावर डॅगर नावाची पद्धत मांडली. रोबोलाच काम करू द्यायचं, तो जिथे जिथे पोचेल तिथे तज्ज्ञाला विचारायचं की इथे तू काय केलं असतंस, आणि ती उत्तरं डेटात टाकून पुन्हा शिकवायचं. २०२३ च्या अलोहा या दोन हातांच्या रोबोत वेगळी युक्ती होती, दर क्षणी एकेक हालचाल ठरवण्याऐवजी पुढच्या बऱ्याच हालचालींचा तुकडा एकदम ठरवायचा, म्हणजे भरकटायच्या संधीच कमी. दर कामाचे साधारण १० मिनिटांचे डेमो एवढ्यावर तो बॅटरी बसवण्यासारखी नाजूक कामं ८० ते ९० टक्के वेळा जमवत होता.

दुसरी भानगड म्हणजे रोबोला कारण कळत नाही. ब्रेक दाबला की गाडीच्या डॅशबोर्डवर लागणारा दिवा कॅमेऱ्यात दिसत असेल तर नेटवर्क सरळ असं शिकू शकतं की दिवा लागला की ब्रेक दाबायचा, म्हणजे परिणामालाच कारण समजायचं! गंमत अशी की इथे जास्त माहिती दिली म्हणून रोबो जास्त वाईट शिकतो.

माणसाचं पिल्लू इथे फार पुढे आहे. २००२ मध्ये गेर्गेली आणि सहकाऱ्यांनी १४ महिन्यांच्या बाळांसमोर एका बाईला कपाळाने दिवा लावायला सांगितलं. तिचे हात मोकळे असताना ६९ टक्के बाळांनी कपाळच वापरलं, पण तिने हातांनी अंगावरचं ब्लँकेट धरून ठेवलेलं असताना फक्त २१ टक्क्यांनी. म्हणजे बाळं हालचालीची कॉपी मारत नव्हती, तिने असं का केलं हे बघत होती: हात मोकळे असूनही कपाळ म्हणजे काहीतरी कारण असणार, हात अडकलेले असताना कपाळ म्हणजे नुसता नाइलाज.

रोबोलाही हे थोडंफार जमवता येतं. स्टॅनफर्डमध्ये कोट्स, ॲबील आणि अँड्र्यू इंग यांनी २००८ च्या सुमारास छोट्या रिमोटच्या हेलिकॉप्टरला कसरती शिकवल्या. तज्ज्ञ पायलटने एकच कसरत अनेकदा केली, दरवेळी कुठेतरी थोडी बिघडली, पण दरवेळी वेगळ्या जागी. मग प्रोग्रामने सगळे डेमो एकत्र जुळवून पायलटला नेमकं काय करायचं होतं तो मार्ग शोधून काढला, आणि त्या मार्गाने उडालेलं हेलिकॉप्टर पायलटपेक्षाही सफाईदार उडालं.