सिगारचे पान उन्हात वाळवून तयार होत नाही

सिगारच्या तंबाखूची चार-दोन रोपे घरी लावणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरत आला आहे, तो असा की पाने तोडून कडक उन्हात वाळवली की काम संपले. हा समज चुकीचा आहे. निपाणीकडे विडीची तंबाखू शेतातच उन्हावर वाळवतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो खरा वाटणे साहजिक आहे. पण सिगारच्या पानाची रीत निराळी आहे.

कनेक्टिकट ब्रॉडलीफ या सिगारच्या तंबाखूच्या वाणाचे अख्खे झाड कापून टांगतात. कापल्यानंतरही पान काही दिवस जिवंत असते आणि त्याच काळात त्यातील हरितद्रव्य विरते व स्टार्च मोडतो. उन्हाने पान दोन दिवसांत करकरीत झाले, तर ही क्रिया अर्धवट राहते आणि हिरवा रंग कायमचा बसतो. म्हणूनच अमेरिकेतील कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात उंच कोठारांच्या भिंतींतील फळ्या गरजेप्रमाणे उघडून-मिटून झाडे कित्येक आठवडे सावलीत ठेवतात. घरी हवेशीर, पण फार कोरडी नसलेली पडवी चालते. पानाची मधली शीर वाकवताच काडीसारखी कटकन मोडली, की वाळवण पुरी झाली असे समजावे.

मुरवण, म्हणजे वाळलेली पाने पुन्हा ओलसर करून उबेत आंबवणे, मात्र अजून बाकीच असते. मोठ्या ढिगात ओलसर पाने आपोआप तापतात आणि अमोनियाचा उग्र वास बाहेर पडतो. घरच्या मूठभर पानांत तेवढी ऊब धरत नाही, त्यामुळे हौशी लोक बंद पेटीत साधारण ५० अंश सेल्सिअस तापमान व दमटपणा राखून ती काही आठवडे ठेवतात.